दिव्याभोवतीचं कडं

"वहिनी, बल्बभोवती तुम्हाला रंग दिसतायत का हो?"

वहिनी परातीत कणीक मळत होत्या. लाईट नुकतीच आली होती. त्या वर्षी बार्शीत रोज संध्याकाळी दोन-अडीच तास लाईट जायची आणि मी तेवढा वेळ कंदिलाच्या उजेडात साड्यांना फॉल लावत बसायची. वहिनींनी आधी बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कसले रंग?"

"गोल. आतून निळा, बाहेरून लाल. कडं असतं तसं."

"नाही बाई." त्यांचा कणकेचा हात थांबला. "वन्सं, गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेतेय."

"बघा हं. परवा रविवारी माणसं यायचीत."

मी मान हलवली आणि साडी पुन्हा हातात घेतली. त्यांना रंग दिसत नव्हते. म्हणजे ते नव्हतेच. माझ्यापुरता हा हिशेब इतका साधा होता.

तो साधा का होता, ते सांगायला हवं. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. सव्विसाव्या वर्षी सासरी असताना स्वैपाकघराच्या भिंतीआडून कुणीतरी माझं नाव घेऊन बोलायला लागलं. पुढे ते शिव्या द्यायला लागलं. मग एके दिवशी त्यानं सांगितलं, हे घर सोड, आणि मी अनवाणी अकरा किलोमीटर चालत गेले. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, मला न्यायला आले. सासरच्यांनी परत बोलावलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. घरात ते नाव कुणी घेत नसे. 'नंदाची तब्येत' एवढंच म्हणायचे.

गोळ्यांनी आवाज दबले. त्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट शिकवली होती. "महानंदाताई, काही वेगळं दिसलं, ऐकू आलं, तर घाबरायचं नाही. जवळच्या माणसाला विचारायचं. त्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर ते तुमच्या आजाराचं. त्याला सांगायचं, तू खरं नाहीस." पंधरा वर्षं मी हा नियम पाळला होता. पाण्याच्या टाकीतून कुणी हाक मारली की मी अण्णांच्या मुलीला, कस्तुरीला विचारायची. ती "नाही गं आत्या" म्हणायची आणि मी मुकाट्यानं कामाला लागायची. या नियमावर मी त्या घरात माणसासारखी राहिले होते.

अण्णा दुकानातून आले तेव्हा डोळा ठणकायला लागला होता. डावा. जेवताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, माझ्या डाव्या डोळ्याला काहीतरी होतंय. दुखतोय, आणि दिव्याभोवती कडी दिसतायत."

अण्णा वहिनींना विचारत होते की रविवारी पोहे करायचे की उपमा. पाहुणे सोलापूरचे होते, कस्तुरीला बघायला येणार होते. मुलगा इंजिनियर, घर चांगलं. हे स्थळ दोनदा येऊन परत गेलं होतं, आता तिसऱ्यांदा हो म्हणाले होते.

"बरं बरं," अण्णा म्हणाले. "गोळी घे आणि झोप लवकर."

मी खोलीत गेले. घाबरले होते, पण डोळ्यासाठी नाही. आजार परत येतोय, आणि तोही याच दोन दिवसांत, याची भीती वाटत होती. मला तीन गोळ्या होत्या. दोन आजाराच्या, आणि एक छोटी पांढरी, हात थरथरू नयेत, जबडा आखडू नये म्हणून. डॉक्टर वाढवायचे तेव्हा सगळ्याच वाढवायचे. त्या दिवशी मी माझी मीच सगळ्या दुप्पट घेतल्या.

शनिवारी सकाळी उठले तर डोक्याचा डावा भाग कुणी पहारीनं फोडतंय असं झालं. उठता उठता उलटी झाली. डाव्या डोळ्यासमोर सगळं पांढुरकं होतं, वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं. उजवा डोळा झाकून कस्तुरीकडे पाहिलं तर तिचा नुसता आकार होता, तोंड नव्हतं.

"कस्तू, तुझं तोंड दिसत नाहीये मला."

कस्तुरी एकवीस वर्षांची. तिनं माझ्यापाशी झोपून लहानपण काढलं होतं. ती भेदरली. "आई," तिनं हाक मारली, "आत्या काहीतरीच बोलतेय."

वहिनी आल्या. माझा डोळा लाल झाला होता, ते त्यांनी पाहिलं. "रडलात का रात्रभर?"

"नाही हो. दुखतोय तो."

अण्णांनी सोलापूरला फोन लावला. मी शेजारीच भिंतीला डोकं टेकून बसले होते. डॉक्टर बाहेरगावी होते, त्यांच्या दवाखान्यातलं कुणी बोलत होतं. अण्णा सांगत होते, "हो, उलट्या. हो, काहीबाही दिसतंय म्हणते. रंग दिसतात, माणसांची तोंडं दिसत नाहीत... आवाज? आवाजाचं विचारतो." फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आवाज येतायत का?"

"नाही अण्णा. डोळा दुखतोय म्हणून सांगा ना."

"आवाजाचं नाही म्हणते," अण्णा फोनवर म्हणाले. मग बराच वेळ नुसतं "बरं, बरं". फोन ठेवून म्हणाले, "गोळ्या दोन दिवस दुप्पट करायच्या. सोमवारी घेऊन या म्हणालेत."

"अण्णा, डोळ्याच्या डॉक्टरकडे..."

"नंदा." ते माझ्यासमोर खाली बसले. रागावले नव्हते, ते कधीच रागवायचे नाहीत. "अगं, हे डोळ्यातलं नाही. डोक्यातलं आहे. तुला माहीत आहे की नाही?"

मला माहीत होतं. मीच तर ते आदल्या संध्याकाळी ठरवलं होतं. मी मान हलवली.

दुपारी गल्लीतले डॉक्टर उलटीसाठी इंजेक्शन देऊन गेले. पित्त म्हणाले. लाल डोळ्यात घालायला एक ट्यूब दिली. वहिनी दाराशी त्यांच्याशी हळू बोलल्या, तसं त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि डोळ्याबद्दल पुढं काही विचारलं नाही.

संध्याकाळी दुखणं गालात उतरलं, दातात उतरलं. डोळा दगडासारखा टणक लागत होता. बोटानं दाबला तर दबत नव्हता. मी खोलीत बसून त्याला सांगत होते, तू खरं नाहीस. तू खरं नाहीस. आवाजांना असं सांगितलं की ते थोडे तरी मागे सरायचे. हे सरत नव्हतं. मी भिंतीवर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, कारण आपटल्यावर क्षणभर दुसरीकडे दुखायचं. वहिनी धावत आल्या, त्यांनी मला धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मी पंधरा वर्षांपूर्वीची ती भीती पाहिली.

"वन्सं, पाया पडते तुमच्या. उद्याचा एक दिवस. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मी नाही काही करणार वहिनी. खरंच नाही."

"त्यांना आम्ही सांगितलंय, तुम्ही गावाला गेलाय म्हणून."

"बरं केलंत," मी म्हटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला परसातल्या मागच्या खोलीत नेलं. तिथं धान्याच्या कोठ्या आणि जुन्या गाद्या होत्या. कस्तुरीनं एका गादीवर सतरंजी अंथरली, पाण्याचा तांब्या आणि उलटीसाठी पातेलं ठेवलं. तिनं हिरवी साडी नेसली होती, तिचा फॉल मीच लावला होता. ती काहीतरी बोलणार होती, पण बाहेरून वहिनींनी हाक मारली. जाताना दाराची कडी लागल्याचा आवाज आला. ती कुणी लावली, हे मी कधी विचारलं नाही.

पाहुणे अकराला आले. जीप थांबली, दारं वाजली, अण्णांचा हसण्याचा आवाज आला. मी गादीवर उताणी पडले होते. आता डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेडसुद्धा नीट कळत नव्हता. दुखणं इतकं झालं होतं की ओरडल्यावाचून श्वास घेता येईना. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. मनात आलं, हा डोळा बोटानं उपटून काढावा. मी बोट खरंच तिथवर नेलंही. मग वाटलं, तसं केलं तर रक्ताळलेल्या तोंडानं मी बाहेर जाईन आणि कस्तुरीचं सगळं संपेल. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पडून राहिले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. परसातला नळ सुटल्याचा आवाज आला. कुणीतरी हात धूत होतं. मला उलटी आली, बोळा पडला, आणि पातेलं घरंगळलं.

"कोण हाय गं आत?"

मी श्वास रोखून धरला. कडी निघाली. दारात एक म्हातारी उभी होती, ठेंगणी, कपाळाला विभूती, काठाचं इरकली लुगडं. तिचा एक डोळा पांढरा होता, मेलेला. ती आत आली आणि सरळ माझ्यापाशी बसली.

"काय होतंय, बाळ?"

"काही नाही. पित्त."

"पित्त डोळ्यात येतं व्हय? हात काढ." तिनं माझा हात बाजूला केला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळा निरखून पाहिला. मग म्हणाली, "दिव्याकडं बघितलं की रंगाचं कडं दिसत होतं का? गोल गोल?"

हे मी फक्त घरच्यांना सांगितलं होतं. या बाईला ते माहीत असणं शक्य नव्हतं. मला वाटलं, ही पण नाहीच. आजार इतका पुढं गेलाय की त्यानं आता सबंध माणूस उभं केलंय. मी हात पुढं करून तिचं मनगट धरलं. ते ओलं होतं, गार होतं, बांगड्या माझ्या बोटांना टोचल्या.

"तुम्ही खऱ्या आहात?"

ती हसली नाही, दचकलीही नाही. "खरी हाय की. नीलव्वा. नवऱ्यामुलाची आजी. बोल, दिसत होतं का कडं?"

"शुक्रवारी दिसलं. तुम्हाला..."

"मला चार दिवस दिसलं. पाचव्या दिवशी काहीच दिसलं न्हाई." तिनं पांढऱ्या डोळ्याकडे बोट केलं. "काचबिंदू म्हणतात त्याला. हे दुखणं मला माहीत हाय. बाळंतपण बरं ह्याच्यापरीस."

मी रडायला लागले. दुखत होतं म्हणून नाही. दोन दिवस मी जे खोटं म्हणून दाबत होते, ते त्या बाईनं एका वाक्यात खरं केलं होतं.

दारात वहिनी आल्या, मागून अण्णा, आणि त्यांच्यामागं हातात पोह्यांचा ट्रे धरलेली कस्तुरी.

"अहो आजी, तुम्ही इकडे कुठं," वहिनींचा आवाज फाटला. "त्या जरा..."

"ही कोण?"

वहिनींनी अण्णांकडे पाहिलं. शेवटी अण्णा म्हणाले, "माझी बहीण."

"गावाला गेलीया म्हणाला होता ती?"

अण्णांनी मान खाली घातली.

"ऱ्हाऊ दे. ते नंतर बोलू. हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला पायजे. माझा डोळ्याचा दवाखाना तिथं हाय. जीप हाय आपली."

"उद्या सकाळीच नेतो आजी. आज कार्यक्रम..."

"उद्या नेशील तर हातात काठी देऊन नेशील."

मी म्हटलं, "नको. आजी, नको. सगळं होऊ द्या आधी. मी थांबते." मी पाहत होते कस्तुरीकडे. एकाच डोळ्यानं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळत होतं की मी त्या जीपमध्ये बसले तर काय काय उघडं पडेल. ती कुणी साधुसंत नव्हती, एकवीस वर्षांची पोरगी होती. ट्रेमधल्या बशा वाजत होत्या.

"जा, आत्या," ती म्हणाली. आणि ट्रे घेऊन आत निघून गेली.

सोलापूरपर्यंतचे दोन तास मला नीट आठवत नाहीत. नीलव्वांच्या मांडीवर माझं डोकं होतं. अण्णा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि नर्सला एकदम तीन-चार गोष्टी सांगितल्या. हाताला सलाईन लागलं. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

नीलव्वा माझी पिशवी धरून मागंच उभ्या होत्या.

"ते... पित्ताची," अण्णा म्हणाले. "आणि बीपीची एक."

"अजून काही? नीट आठवा. महत्त्वाचं आहे."

"नाही. एवढंच."

मी डोळे तपासायच्या मशीनच्या पट्टीवर हनुवटी टेकून बसले होते. अण्णांचं मला काही वाईट वाटलं नाही. तिथं त्यांच्या जागी मी असते तरी हेच बोलले असते. पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या महत्त्वाचं आहे, आणि माझा दुसरा डोळा अजून शाबूत होता.

"मला स्किझोफ्रेनिया आहे," मी म्हटलं. पंधरा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला. तिन्ही गोळ्यांची नावं सांगितली. ती मला पाठ होती.

त्या छोट्या पांढऱ्या गोळीशी डॉक्टरबाई थांबल्या. "ही किती?"

"एक होती. शुक्रवारपासून दोन."

"कुणी वाढवली?"

"शुक्रवारी मीच. शनिवारी दवाखान्यातून तेच सांगितलं. सगळ्याच दुप्पट."

त्यांनी डोळे मिटून उघडले. "तुमच्या डोळ्याची ठेवण अशी आहे की आतल्या पाण्याला निघायला वाट आधीच अरुंद. अंधारात बाहुली मोठी होते, ही गोळी ती आणखी मोठी करते, आणि ती वाट बंद होते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. तुम्ही आत्ता आणखी दोन डोस घेतले असते..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुमच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलते. बाकीच्या गोळ्या तुम्ही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, कळलं?"

"माझा डोळा?"

"शुक्रवारी आला असता तर बहुतेक वाचला असता," त्या म्हणाल्या. "आता उजवा वाचवू."

उजवा वाचला. दोन दिवसांनी लेझर केलं. डाव्यात काही उरलं नाही. आज उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा त्याला कळत नाही.

सोलापूरचं स्थळ मोडलं, तेही इथंच सांगून टाकते. बुधवारी फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका आधी दोनदा जुळली होती. नीलव्वा मात्र रोज दुपारी दवाखान्यात डबा घेऊन येत राहिल्या. नातवाच्या बाबतीत त्या घरात त्यांचं चाललं नाही, एवढंच एकदा म्हणाल्या. कस्तुरी माझ्याशी सहा महिने बोलली नाही. ताट वाढायची, औषध आणून द्यायची, बोलायची नाही. पुढं तिचं लग्न हुबळीला झालं, चांगलं झालं. पण त्या सहा महिन्यांबद्दल आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

मला त्या दवाखान्यातली गुरुवारची दुपार जास्त आठवते. डोळ्यावर पट्टी होती. अण्णा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. चार दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती. बराच वेळ ते माझ्या पांघरुणाचं टोक बोटानं गुंडाळत होते, सोडत होते.

"नंदा," ते म्हणाले, "शुक्रवारी मला का नाही सांगितलंस गं?"

मी उजव्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं, अण्णा. जेवताना."

ते आठवू लागले. कपाळावर आठ्या घालून, अगदी मनापासून. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"काय म्हणाली होतीस?"

"डावा डोळा दुखतोय म्हणाले होते. दिव्याभोवती कडी दिसतायत म्हणाले होते."

अण्णा उठले, खिडकीपाशी गेले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांची समजूत घालायची माझी इच्छा नव्हती.

तेवढ्यात नर्स आली. हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. केसपेपरवर आजाराचं नाव लिहिलेलं होतंच. ते वाचून ती माझ्या खाटेला वळसा घालून थेट खिडकीशी अण्णांकडे गेली.

"यांना अजून दुखतंय का हो? उलटी वगैरे?"

अण्णांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"तिला विचारा," ते म्हणाले.

नर्स गोंधळली. "नाही, म्हणजे यांना नीट..."

"तिला विचारा. ती सांगेल."

नर्स माझ्याकडे आली आणि स्टूल ओढून बसली. मी सांगायला लागले, कुठं दुखतंय, किती, केव्हापासून. ती लिहून घेत होती.